बिजागरीची डोलकाठी

तिला सगळे कप्तीणबाई म्हणायचे. आधी चेष्टेने म्हणायचे, मग सवयीने, आणि पुलावर अडकले की शिवी दिल्यासारखं. कारण वर्षातून एकदा, अगदी भर सकाळी, ज्या वेळी अख्ख्या शहराला ऑफिस, शाळा, बाजार आणि दवाखाना एकदमच आठवतो नेमक्या त्या वेळी, ही बाई आपली नाव घेऊन पुलापाशी यायची आणि तीनदा भोंगा वाजवायची. तिसरा भोंगा वाजला की पुलावरचे दांडे खाली यायचे, रस्त्याचा मधला तुकडा गुरगुरत वर उचलला जायचा, आणि ट्रकवाल्यांपासून बसमधल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे कठड्यावरून वाकून खाली बघत बसायचे. बघायचे आणि बोंबलायचे.

"एका बाईसाठी सगळं शहर खोळंबलंय!" असं कुणीतरी दरवर्षी ओरडायचंच.

"बाईसाठी नाही रे, नदीसाठी!" ती खालून ओरडायची. "तुझ्या पुलाच्या आधीपासून ती इथून जातेय. पूल बांधताना तिला कुणी विचारलं होतं का?"

असं वाकड्यात शिरायची तिला हौस होती असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी नियम ऐकून घ्यावा. पूल उघडता होता, कारण नदी जलमार्गात मोडत होती. पुलाखालून जी नाव जाऊ शकत नाही तिने तीनदा भोंगा दिला की पूल उघडायचा, हा जलमार्ग कचेरीचा नियम. आणि त्याच नियमाला शेपटी होती. सबंध वर्षात एकाही नावेने पूल उघडायला लावला नाही, तर पूल कायमचा बंद. मधला तुकडा बोल्ट मारून पक्का करायचा, मोटार काढून न्यायची आणि पुलाच्या वरची नदी जलमार्गातून वगळायची. वगळली की तिथला गाळ उपसणं बंद. गाळ उपसणं बंद झालं की चार-पाच पावसाळ्यांत तिचा नाला होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वरच्या अंगाला गोदी होती, जुनी लाकडी नावांची. तिथे नावा पाण्याबाहेर ओढायच्या, सांध्यांत काथ्या ठोकायचा, तळाला डांबर फासायचं. गोदी गेली की लाकडी नावा गेल्या, आणि लाकडी नावा गेल्या की नदीवर राहिलं कोण? हौशी लोकांच्या प्लास्टिकच्या होड्या, त्यांना काय, त्या पुलाखालूनच काय, दाराखालूनही जातील.

उंच डोलकाठीची नाव आता तिच्या एकटीची उरली होती. बाकीच्यांनी विकल्या, मोडल्या, कुणी काठाला लावून हॉटेलं केली. म्हणजे हिशेब सरळ होता. ही बाई गेली नाही तर नदी गेली.

नाव चांगली रुंद पोटाची होती. पुढे माल, मधे डोलकाठी, मागे संसार. डोलकाठीला वारा असेल तेव्हा शीड आणि माल चढवायचा असेल तेव्हा यारी, म्हणजे एकाच खांबावर दोन्ही कामं. विटा, फळ्या, कौलं, काठावरच्या दुकानांची पोती, जे ट्रकला परवडत नाही किंवा जिथे ट्रक पोचत नाही ते सगळं ती वाहायची. मागच्या दोन खोल्यांत प्रत्येक कपाटाला कडी, प्रत्येक भांड्याला खिळा आणि स्टोव्हभोवती पितळी कठडा, नाहीतर एखादी मोठी बोट बाजूने गेली की आमटी जमिनीवर. बिछान्याखाली दोर, उशाशी कंदील, खिडकीला तिने स्वतः शिवलेला पडदा. मुलगा तिथेच जन्मला, तिथेच रांगला, कमरेला दोर बांधून. पुढे शहरात राहायला गेला, गेटं आणि ग्रिलं बनवायचं वर्कशॉप काढलं, लग्न केलं. सून चांगली होती. "आई, आमच्याकडे या, तुमच्यासाठी वेगळी खोली आहे," म्हणायची.

"खोली हलते का?" कप्तीणबाई विचारायची.

"नाही हो."

"मग मला झोप कशी लागणार?"

आता डोलकाठीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. नदीवरच्या नाववाल्यांत डोलकाठी एकदाच आडवी करतात. नावेचा मालक गेला की. घरातलं मोठं माणूस नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकावर, उभं राहतं आणि गेलेल्याला दोन हाका मारतं. नावाने नाही, जन्मभर ज्या नात्याने हाक मारली त्याच नात्याने. तिसरी हाक मुलाने मारायची. तिन्ही हाकांना ओ आली नाही की मुलगा दोर सोडतो, चौघंजण डोलकाठी आडवी करतात आणि नाव भोंगा न देता, मुकाट्याने, पुलाखालून गोदीकडे जाते. बहुतेक वेळा विकायलाच. मालक असताना डोलकाठी आडवी करून पुलाखालून जाणं म्हणजे स्वतःच्या तिरडीला स्वतः खांदा देण्यासारखं.

तिचा नवरा गेला तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने हाका मारल्या होत्या. "दादा!" आणि पुन्हा, "दादा!" तिसरी हाक मुलाने मारली, तेव्हा त्याचं मिसरूडही फुटलं नव्हतं. कप्तीणबाई ओ यायची वाट बघत होती. वेडेपणा आहे, पण होती. ओ आली नाही. डोलकाठी आडवी झाली आणि नाव खालून गोदीत गेली. तिथे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, एक तर नावेचं लाकूडच तेवढं घेणार होता. सगळे नातेवाईक म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाचं हे काम नव्हे. तिने रात्रभर ऐकून घेतलं. सकाळी गोदीच्या यारीने तिने डोलकाठी पुन्हा उभी केली, दोर स्वतः ताणले, आणि नाव फिरवून पुलापाशी आणली. नवऱ्याच्या मरणानंतर दुसऱ्याच दिवशी बाईने भोंगा वाजवला म्हणून नदीच्या दोन्ही काठांची बोटं तोंडात गेली. पुलावर त्याच महिन्यात नोकरीला लागलेला माणूस कोण, तर तोच धाकटा दीर. तिसऱ्या भोंग्याला त्याने पूल उघडला. त्याचा हात थरथरत होता, असं तो आजही सांगतो. ती मात्र सांगते की थरथरत होता तो पूल, कारण वंगण नव्हतं.

तेव्हापासून गोदीला जाताना सकाळी आणि परतताना अपरात्री, पूल रिकामा असताना, वहिनी खाली आणि भावजी वर. दरवर्षी.

"वहिनी, थोडं दहा वाजल्यानंतर आला असतात तर..."

"भावजी, दहानंतर वारा पडतो. वाऱ्याला सांगा, मी ऐकेन."

तर यंदा असं झालं की तिचा खुबा मोडला. विटांची रास कोसळली नव्हती, वादळ नव्हतं. काठावरच्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या पायरीवर घसरली, तेही खोकल्याचं औषध आणायला गेली असताना. "जमिनीवर उतरलं की असंच होतं," ती म्हणाली. ऑपरेशन झालं, आठवडेच्या आठवडे पडून राहावं लागलं, सुनेकडच्या न हलणाऱ्या खोलीत. नाव मुलाच्या हवाली. आणि वर्ष सरत आलं.

ती काठी टेकत नावेवर परत आली तेव्हा मुलगा तिच्यापुढे असा उभा होता जसा लहानपणी मासा पकडून आणल्यावर उभा राहायचा.

"बघ," तो म्हणाला.

डोलकाठीच्या बुडाशी, डेकपासून हातभर वर, लोखंडाची जाडजूड बिजागरी बसवलेली होती. काम नामी होतं, खोटं का बोला. दोन भक्कम पाती, काठी उभी अडकवून धरायला अंगठ्याहून जाड पिन, पिनेला नट, सगळ्याला राखाडी रंग. पिन काढली, दोर सैल केला की डोलकाठी एका माणसाने आडवी व्हायची. पुन्हा ओढली की उभी.

"आता तुला कुणाची मिनतवारी नको," मुलगा म्हणाला. "डोलकाठी पाडायची, खालून जायचं, वर गेल्यावर उभी करायची. गोदीत केव्हाही जा. कुणी शिव्या घालणार नाही, मागल्या वर्षीसारखं कुणी वरून सडका टोमॅटो फेकणार नाही. आई, तो टोमॅटो तुझ्या डोक्यावर बसला ना, तेव्हाच मी ठरवलं होतं."

तिने बिजागरीवरून हात फिरवला. ते बघून मुलाला वाटलं तिला आवडलं.

"लोखंड कुठून आणलंस?" तिने विचारलं.

"कचेरीने दिलं. साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले होते. म्हणाले, आईंचा त्रास वाचेल, सामान आमच्याकडून."

"अस्सं." ती खाली बसली, डेकवरच. "साहेबाला माझा त्रास सहन होईना. आणि तुला साहेबाची दया सहन झाली. अरे, पाडता येणारी डोलकाठी असलेली नाव पुलाखालून जाऊ शकते, मग पूल उघडायला कुणाच्या बापाला सांगू मी? तुझ्या हाताने तू पूल बंद केलास, लेका. रंगसुद्धा दिलास वर!"

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. नियम त्यालाही पाठ होता, नाववाल्याचंच पोर ते. पण आईच्या डोक्यावर बसलेल्या टोमॅटोपुढे त्याला नियम दिसलाच नव्हता. प्रेमात माणूस असाच गाढव होतो, आणि अशा गाढवाला लाथही मारता येत नाही.

"पण तुला तर जाता येईल ना वर?" तो हळूच म्हणाला.

"मी जाईन. मेल्यासारखी जाईन. आणि चार वर्षांनी गाळात रुतेन, तेव्हा तुझा साहेब मला फावडं देईल, तेही कचेरीकडून."

"कापून टाकतो मी ती."

"काही कापायचं नाही. बूड कापलं की डोलकाठी तोकडी होईल, मग तर बिनबिजागरीची खालून जाईल. पक्की जोडायची तर वेल्डिंगला गोदीतच जावं लागेल, आणि गोदी पुलापलीकडे. हात लावू नकोस. आता जे करायचं ते मी करीन."

काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं. पण ते मुलाला सांगायची तिची मुळीच तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ष भरत होतं. बातमी वाऱ्यापेक्षा आधी पोचली असावी, कारण सकाळी ती नाव घेऊन निघाली तेव्हा दोन्ही काठांवर जुने नाववाले येऊन उभे होते. ज्यांनी नावा विकल्या तेही, आणि ज्यांनी हॉटेलं केली ते तर कपबशा हातात घेऊनच. मुलगा इंजिनाजवळ, ती सुकाणूवर, काठी बगलेत. पुलाच्या अलीकडे तिने नाव आवरली आणि भोंगा दिला. एक. दोन. तीन. तिसरा जरा लांबवलाच.

दांडे खाली आले नाहीत.

पुलाच्या कठड्यावर भावजी दिसले, आणि त्यांच्या शेजारी कचेरीचे साहेब. साहेब काही राक्षस नव्हते. नीटनेटके, मवाळ बोलणारे, घसा बसला असेल तर आले घालून चहा घ्या असं सांगणारे. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे जास्तच त्रास.

"बाई," साहेब वरून म्हणाले, "तुमची नाव खालून जाऊ शकते. मग पूल कसा उघडणार? पिन काढा, डोलकाठी खाली घ्या आणि या. माझा तुम्हाला काही विरोध नाही."

"भावजी, उघडताय ना?" तिने साहेबांकडे न बघता विचारलं.

भावजींनी कठडा धरला. "वहिनी, माझ्या हातात असतं तर..."

"पुलाची किल्ली कुणाच्या हातात आहे?"

भावजींनी हातातल्या किल्लीकडे असं पाहिलं, जणू ती कुणीतरी खिशात टाकून गेलं होतं.

तिने मग सुकाणू मुलाकडे दिलं आणि नाळेच्या खुंटाला बांधलेला दोर पुलाच्या खांबाच्या कडीत फेकला. पहिल्या फटक्यात बसला. नाव प्रवाहात आडवी झाली. मागे दोन फेरीच्या होड्या येऊन थांबल्या, होडीवाल्यांनी हाक मारून पाहिली, मग त्यांनीही दोर टाकले आणि तमाशा बघायला बसले. वर ट्रकवाल्यांना काय चाललंय ते कळेना, पण भोंगा ऐकून ते थांबले होते, आणि दांडे काही खाली येत नाहीत म्हणून हॉर्न मारत होते. रहदारी नुसती बघ्यांनीच अडली होती, नावेचं अजून टोकही पुलाखाली गेलं नव्हतं.

"बाई, रस्ता अडतोय," साहेब म्हणाले.

"जलमार्गही रस्ताच आहे, साहेब. तोही अडलाय." ती मग मोठ्याने बोलायला लागली, काठांवर ऐकू जाईल असं. "तुम्ही म्हणता डोलकाठी पाडा. पाडू या. मी काही नियमाबाहेरची नाही. पण नदीवर डोलकाठी केव्हा पडते ते या दोन्ही काठांना विचारा. मालक मेल्यावर. नावेची मालक मी. तेव्हा आधी मला मारा, मग पाडा."

"अहो, कुणी मारतंय का तुम्हाला! नुसती एक पिन..."

"मग हाका मारून बघा. तीन हाका. मी ओ दिली तर मी जिवंत, डोलकाठी उभी, पूल उघडा. ओ नाही दिली तर हा माझा मुलगा पिन काढेल आणि न्या मला खालून, माझी काही तक्रार नाही. कबूल?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मागची ट्रकांची रांग पाहिली, आणि वैतागून हात झटकला. "कबूल, कबूल! काय ती नाटकं लवकर उरका."

"ऐकलं सगळ्यांनी?"

"ऐकलं!" काठ म्हणाले.

मग कप्तीणबाईने काठी बाजूला ठेवली आणि दुखरा खुबा सांभाळत, "आई आई गं" करत, डोलकाठीच्या बुडाशी डेकवर उताणी झोपली. पदर नीट केला. हात छातीवर ठेवले. डोळे मिटण्याआधी मुलाला म्हणाली, "पाना घेऊन उभा राहा. उगाच नंतर शोधाशोध नको."

पहिल्या हाकेलाच ओ द्यायची आणि साहेबाला पाणी पाजायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण डोळे मिटले आणि लाकूड पाठीला लागलं, सगळ्या पाण्याचं हलणं हाडांत शिरलं, तेव्हा तिला सुनेकडची ती न हलणारी खोली आठवली. तिथे ती खरंच मेली असती. तिथे तिची डोलकाठी तिच्या नकळत आडवी झाली असती, तीही प्रेमाने, राखाडी रंग देऊन. तिला भयंकर राग आला. एवढा की तिला वाटलं, नाही देत ओ. कळू दे एकदा यांना आडवं करणं म्हणजे काय ते.

भावजी जिना उतरून खांबाजवळच्या लोखंडी पायऱ्यांनी नावेवर आले होते. तिला त्यांच्या बुटांचा आवाज ओळखू आला. ते नाळेवर जाऊन उभे राहिले.

"वहिनी!" त्यांनी हाक मारली.

ती गप्प.

काठांवर कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

"वहिनी!" ही हाक निराळी होती. त्या दिवशी "दादा" म्हणताना याच माणसाचा आवाज असाच फाटला होता. त्यांना विसर पडला असेल की हे सोंग आहे. किंवा सोंग कुठे संपतं ते त्यांना कळेनासं झालं असेल. वय झालेली बाई, नुकतंच ऑपरेशन झालेली, ऊन चढत चाललेलं, आणि छाती हलते की नाव हलते ते दिसत नव्हतं. वरचे हॉर्न एकामागून एक बंद झाले. ट्रकवाले खाली उतरून कठड्याला आले होते.

"बाई?" साहेबसुद्धा म्हणाले, वरून, हळू आवाजात. पण साहेबांच्या हाकेला मोजत नाहीत.

तिसरी हाक मुलाची.

मुलगा पाना हातात घेऊन बिजागरीपाशी उभा होता, तिच्या डोक्याशी. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. याच पोराने मिसरूड फुटायच्या आधी बापाला हाक मारली होती आणि कुणी ओ दिली नव्हती. बस झालं, उठावं का, असं तिला वाटलं. मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, पण पिल्लासाठी भितं. तरी ती उठली नाही. त्याने मारायलाच हवी होती ती हाक. त्याच्या तोंडून यायला हवी होती, बिजागरीच्या शेजारी उभं राहून.

पाना डेकवर पडला, तिच्या कानाजवळ, खणकन. आणि मग तो ओरडला. पोरासारखा, अख्खी नदी दणाणेल असा ओरडला.

"आई! आई गं!"

"ओ," कप्तीणबाई म्हणाली.

आणि उठून बसली. म्हणजे बसायला लागली, खुब्याने साथ दिली नाही, मग मुलानेच तिला उचलून बसवलं आणि तिच्या खांद्यात तोंड घालून रडला. चाळिशी उलटलेला माणूस, पोटाचा घेर सुटलेला, ढसाढसा. काठांवर शिट्ट्या सुरू झाल्या. कुणाची तरी कपबशी फुटली.

"ओ दिली!" भावजी केवढ्यांदा ओरडले. "ओ दिली, साहेब! जिवंत आहे आमची वहिनी!"

ते लोखंडी पायऱ्या दोन-दोन चढून वर गेले, त्या वयात. साहेबांनी त्यांना वाटेतच गाठलं. "हे बघा, मी काही रीतसर परवानगी दिलेली नाही."

"दिलीत. सगळ्या पुलाने ऐकलं." भावजी धापा टाकत होते. "आणि आता नाही म्हणायचं असेल तर ही घ्या किल्ली. तुम्ही खाली उतरा आणि तिची डोलकाठी तुमच्या हाताने पाडा. मी तुम्हाला पाना शोधून देतो."

साहेबांनी खाली पाहिलं. डोलकाठीखाली एक म्हातारी बसली होती, तिच्या खांद्यावर रडणारा मुलगा होता, आणि ती त्याच्या पाठीवर थोपटत सरळ साहेबांकडे बघत होती. साहेबांनी किल्ली घेतली नाही. "उघडा," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी हा प्रकार चालणार नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा मरून दाखवीन!" ती खालून ओरडली. "तुम्ही आलं घातलेला चहा घेऊन या!"

दांडे खाली आले. ट्रकवाल्यांपैकी एकाने स्वतःहून आपला ट्रक मागे घेतला. रस्त्याचा तुकडा वर उचलला गेला, आणि तिने सुकाणू हातात घेऊन नाव मधोमध काढली, उभ्या डोलकाठीने, शीड अर्धं फुगलेलं. वरून यंदाही शिव्या आल्याच, एवढ्यात माणूस बदलत नाही. तिने नेहमीसारखी सगळ्यांची उत्तरं दिली.

पूल मागे पडला, वरची नदी लागली. रुंद, संथ, काठाला गवत वाढलेलं. मुलगा तोंड धुऊन आला आणि डोलकाठीपाशी उकिडवा बसला. बिजागरीकडे बघत होता.

"गोदीत पोचलो की वेल्डिंग मारून पक्की करतो," तो म्हणाला. "कायमची. म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला बोलायला जागा नको."

"नको," ती म्हणाली.

"का?"

"तुझ्या बाबांच्या वेळी चौघं लागले होते. आता नदीवर चौघं उरलेत कुठे? मी जाईन तेव्हा तू एकटाच असशील." तिने सुकाणू थोडं डावीकडे घेतलं, तिथे गाळाचा उंचवटा होता. "काम चांगलं केलंयस. राहू दे. तेव्हा तुला सोपं पडेल."

मुलाचा हात पिनेकडे गेला.

"पण तोवर," ती म्हणाली, "त्या पिनेला हात लावलास तर तंगडी तोडीन."